समाधीवरची गारगोटी

गटातल्या आम्ही काही जणी यंदा जबलपूरकडे जाऊन आलो. भेडाघाट सगळेच बघतात. आम्हाला बघायची होती राणी दुर्गावतीची समाधी. मंडल्याच्या रस्त्याला बरेला लागतं, तिथून जवळच नर्रई नाला आहे, तिथे.

हा गोंडवनाचा, म्हणजे गोंडांच्या जुन्या जंगलाचा मुलूख. आपल्या चंद्रपूरला गोंडराजे होते, तसं इकडे गढा-मंडल्याचं गोंड राज्य. दुर्गावतीचं माहेर कालिंजरचं, चंदेल घराण्यातलं. १५५० साली नवरा दलपतशाह वारला तेव्हा मुलगा वीरनारायण जेमतेम पाच वर्षांचा. पुढची चौदा वर्षं कारभार तिनेच पाहिला. माळव्याचा बाजबहादूर चालून आला, त्यालाही तिने पिटाळलं.

१५६४ साली अकबराचा सरदार आसफखान आला. राणीने लढाईला जागा निवडली ती डोंगरातली अरुंद खिंड. पहिल्या दिवशी तिचीच सरशी झाली. ती म्हणाली, आज रात्रीच छापा घालू, उद्या त्यांच्या तोफा येतील. सरदारांनी ऐकलं नाही. आणि सकाळी तोफा आल्या! इथे आमच्यातल्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे बघितलं, कशासाठी ते तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी हत्तीवरून लढताना राणीला कानशिलात आणि मानेत बाण लागले. शत्रूच्या हाती सापडायचं नाही म्हणून तिने स्वतःच कट्यार मारून घेतली. तो दिवस २४ जूनचा.

एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं. आम्हाला मात्र तिच्या मरणापेक्षा तिचा कारभार मोठा वाटतो. जबलपुरातलं रानीताल तिने बांधवलेलं, आधारताल तिच्या दिवाणाच्या, आधारसिंहाच्या नावाचं. आणि चेरीताल? चेरी म्हणजे दासी. राणीच्या दासीचं तळं! त्या बाईचं नावसुद्धा कुणी लिहून ठेवलं नाही, पण जबलपुरातली एक वस्ती आजही चेरीताल म्हणूनच ओळखली जाते.

समाधीजवळ दोन मोठे गोल धोंडे आहेत. ते राणीचे नगारे, दगड झालेले, आणि मध्यरात्री ते रानात वाजतात, असं लोक सांगत आले. स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ च्या पुस्तकात हे लिहिलंय. वाटसरू आसपासची सगळ्यात सुंदर गारगोटी शोधून समाधीवर ठेवतात, हेही त्याने नोंदवलंय. फूल नाही, नारळ नाही, नुसता पांढरा दगड.

आम्हीही शोधल्या. एकीला मनासारखी मिळेना, तिच्यापायी सगळ्या अर्धा तास थांबलो.