हिंदनगरचा हिवाळा

सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला 'सीमा' म्हटले की आधी नवापूरचे रेल्वे स्टेशन आठवते. १९६० साली मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि हद्दीची रेघ या स्टेशनाच्या अंगावरूनच गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातेत आणि दोन्हींत मिळून फलाट एकच! खानदेशातून सुरतेच्या लूमवर पोट भरायला येणारी आमची माणसे ही हद्द गाडीत झोपेतच ओलांडतात.

असल्या सीमेची सवय घेऊन मी एका जानेवारीत कोरियाची सीमा पाहायला गेलो. भरतकामाच्या यंत्रांच्या निमित्ताने सोलला जाणे झाले होते आणि एक दिवस मोकळा मिळाला होता. सोलहून ही सीमा जेमतेम पन्नास किलोमीटर, म्हणजे सुरतेहून बिलिमोरा असावे तेवढी. इमजिन नदी काठाशी गोठली होती. पुलाजवळ बस थांबली, एक कोवळ्या वयाचा शिपाई आत चढला आणि एकेकाचा पासपोर्ट चेहऱ्याशी ताडून पाहत पुढे सरकला. मग १९७८ साली सापडलेले ते प्रसिद्ध तिसरे भुयार पाहिले. उत्तरेने दक्षिणेवर चालून येण्यासाठी खणलेले. ही कोळशाची खाण आहे असे भासवायला आतल्या खडकाला काळे फासलेले. दोरा टेकडीवर दुर्बिणी मांडलेल्या आहेत. डोळा लावला की पलीकडचे गाव आणि तिथला १६० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ दिसतो.

ही फाळणी झाली कशी? ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण येणार हे दिसू लागले, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये दोन तरुण अमेरिकी अधिकाऱ्यांना कोरियाची वाटणी सुचवायला अर्ध्या तासाची मुदत मिळाली. त्यांनी एका मासिकाचा नकाशा पुढे ओढला आणि ३८ अंश अक्षांशावर बोट ठेवले. उत्तर रशियाकडे, दक्षिण अमेरिकेकडे. कोरियातल्या कोणालाही विचारले गेले नाही. १९५० साली युद्ध पेटले, लाखो माणसे मेली आणि २७ जुलै १९५३ रोजी सैन्ये जिथे थांबली, साधारण तिथेच नवी रेघ पडली. तिच्या दोन्ही अंगांना दोन-दोन किलोमीटरचा पट्टा मोकळा सोडला गेला. तह मात्र आजतागायत झालेला नाही. आहे तो फक्त युद्धविराम.

आपल्या वाचकांना या पट्ट्याचे अगत्य वाटावे, असे एक कारण आहे. त्या पहिल्याच हिवाळ्यात तिथे हिंदी फौजेचा तळ होता आणि त्या फौजेचे सेनापती होते कोल्हापूरकडच्या वडगावचे मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात.

युद्धविराम लांबला होता तो कैद्यांवरून. दक्षिणेच्या ताब्यातले हजारो चिनी आणि उत्तर कोरियन कैदी मायदेशी परतायला तयार नव्हते. अखेर असे ठरले की, अशा कैद्यांना तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे सोपवावे, त्यांच्या देशाच्या प्रतिनिधींनी त्यांना समजावावे आणि मग ज्याने त्याने ठरवावे. आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे, म्हणजे जनरल थिमय्यांकडे आले. राखणीचे काम थोरातांकडे. २२,६०४ कैदी एका बाजूचे, ३५९ दुसऱ्या बाजूचे आणि राखायला आमचे पाच-सहा हजार जवान. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी हिंदी सैनिकांचा पाय आपल्या भूमीला लागू देणार नाही असे बजावले. तेव्हा जवानांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने उचलून थेट पट्ट्यात उतरवावे लागले. तिथे तंबू ठोकून जे गाव वसले, त्याचे नाव हिंदनगर.

सप्टेंबरच्या अखेरीस कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना ओढून आपल्या कुंपणात नेले. थोरात स्वतः त्या खवळलेल्या जमावात शिरले. आरडाओरड ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले, चिनी माणसांचे आदरातिथ्य एवढे नावाजलेले आणि दारी आलेल्या पाहुण्याला साधी सिगारेटही नाही? जमाव ओशाळला. सिगारेट आली, चहा आला आणि ग्रेवाल सुटले. कोरियातल्या कामगिरीबद्दल थोरातांना अशोकचक्र (वर्ग २) मिळाले. आजचे कीर्तिचक्र ते हेच.

पण सगळेच प्रसंग चहावर निभावले नाहीत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गोळीबार करावा लागला आणि त्यात कैदी मेले. कुंपणाच्या आत कैद्यांच्याच टोळ्यांची दहशत होती. घरी जायचे आहे असे उघड म्हणणाऱ्याचा जीव धोक्यात असे. समजावण्याचे काम नव्वद दिवस चालायचे होते, ते प्रत्यक्षात मोजकेच दिवस चालले. बावीस हजारांतले काही शेच मायदेशी गेले. उरलेल्यांना जानेवारी १९५४ मध्ये ज्यांच्याकडून घेतले त्यांच्याच हवाली करावे लागले. दोन्ही पक्षांनी भारताला दूषणे दिली.

या गर्दीत ८८ जण असे निघाले की, त्यांनी दोन्हीकडे पाठ फिरवली. ते आमच्या फौजेबरोबर मद्रासला आले. पुढे त्यांतले बरेचसे ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, काही भारतातच राहिले. असाच एक कैदी छोई इन-हुन यांच्या १९६० सालच्या 'चौक' या कादंबरीचा नायक आहे आणि ती कादंबरी कोरियात आजही वाचली जाते. आमच्या बसमधल्या मार्गदर्शक बाईंनी मात्र दिवसभरात हिंदनगरचे नाव घेतले नाही.

रेघा ओढणाऱ्यांना अर्धा तास पुरतो. त्या रेघेवरच्या माणसाला "बाबा, तुला कुठे जायचे आहे?" असे एकेकट्याने विचारायला नव्वद दिवस, पाच राष्ट्रे आणि एक फौज लागली, तरी तो प्रश्न धड विचारून झाला नाही. भीतीच्या छायेत दिलेले उत्तर कितपत खरे, ही शंकाही राहिलीच. तरीपण तो प्रश्न विचारता यावा म्हणून आपल्या मुलखातला एक माणूस त्या कडाक्याच्या थंडीत उभा राहिला होता. हद्दींचे निवाडे होतात तेव्हा नकाशे, दाखले, शिरगणती सारे मागवले जाते. मागवायचे राहते ते एवढेच.