ह्यांची गाडी आणि फोर्डचे इंजिन

मे महिन्याच्या सुट्टीत नातू आला होता. ह्यांच्या माघारी अंगणात उभी असलेली जुनी गाडी त्याला 'फास्ट' करायची होती. "आजी, इंजिन खोलायचंच नाही. दोन कार्बोरेटर, मोठा सायलेन्सर. जुने बोल्ट काढायचे, नवे भाग लावायचे!" मी आयुष्यभर इतिहास शिकवला, यंत्रातले मला काय कळणार? पण इतिहास प्रत्येक गोष्टीला असतो, म्हणून वाचायला बसले.

हा नाद फोफावला तो अमेरिकेत. १९३२ साली हेन्री फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असे आठ सिलिंडरचे इंजिन आणले, ६५ अश्वशक्तीचे. त्याचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसून खाली ब्लॉकमध्ये, म्हणून हेड चपटे आणि नाव 'फ्लॅटहेड'. पुढे या गाड्या जुन्या होऊन स्वस्तात मिळू लागल्या, तेव्हा कॅलिफोर्नियातली पोरे त्या कोरड्या तलावांच्या सपाट तळावर पळवू लागली. १९३८ च्या सुमारास व्हिक एडलब्रॉकने दोन कार्बोरेटर बसतील असा मॅनिफोल्ड बनवला आणि त्यातून त्याचा मोठा धंदा उभा राहिला.

पण खरी गोम पुढेच आहे. या इंजिनात एका बाजूला सिलिंडर चार आणि धूर बाहेर पडायला वाटा तीनच. मधल्या दोघांत एकच वाट. शिवाय त्या वाटा ब्लॉकमधूनच जात, त्यामुळे इंजिन तापायचे. आत कितीही ओता, धूर आणि उष्णता बाहेर जायला नको? १९४७ च्या सुमारास झोरा आर्कस-डंटॉव्हने 'आर्डुन' हेड आणली. व्हॉल्व्ह वर नेले, धुराची वाट ब्लॉकबाहेर काढली. ती होती मुळात ट्रकचे तापणे थांबवण्यासाठी. शर्यतवाल्यांनी ती वेगासाठी उचलली.

नातवाला म्हटले, "आधी रेडिएटर, मग ब्रेक. कार्बोरेटरचं नंतर बघू." तो जरा हिरमुसला. पण दोन दिवस खपून त्याने रेडिएटर साफ केला, ब्रेक मेस्त्रीकडून करून घेतले आणि मला देवळापर्यंत फिरवून आणले. घाटीवर गाडी तापली नाही. उतारावर त्याने ब्रेक दाबला आणि ती जागच्या जागी उभी राहिली. ह्यांना तेवढेच पुरे असायचे.

असो. कार्बोरेटरचा हट्ट अजून सुटलेला नाही. दिवाळीत पुन्हा वाद होणार!