पाण्याच्या सूत्राची पन्नास वर्षे

मीठ, तंबाखू आणि पॅरिस शहरात येणारा माल यांवरील करांचा वसूल करण्याचा इजारा फ्रान्सच्या राजाने धनिकांच्या ज्या मंडळीस दिला होता, तिच्यात १७६८ साली आंत्वान लाव्हाझिए या पंचवीस वर्षांच्या गृहस्थाने आपला हिस्सा घेतला; आणि पुढे १७७५ पासून सरकारी दारूखान्याची देखरेखही त्याच्याकडे आल्यामुळे राहते घर आणि प्रयोगशाळा ही दोन्ही त्याने त्याच कारखान्याच्या आवारात थाटली. जमा आणि खर्च यांची रुजवात पडल्यावाचून वही मिटावयाची नाही, ही शिस्त ज्याच्या अंगी पुरती मुरली होती अशा माणसाने रसायनशास्त्रात प्रवेश करावा, हे त्या शास्त्राचे मोठेच भाग्य म्हणावे लागेल. प्रयोगापूर्वी पात्रात जे घातले त्याचे वजन, प्रयोगानंतर जे निपजले त्याचे वजन, आणि वायुरूपाने जे निसटू पाहत होते तेही कोंडून धरून त्याचे वजन, अशी तिन्ही वजने घेतल्याखेरीज तो कोणताही निष्कर्ष काढीत नसे. आणि त्यासाठी त्याने पॅरिसच्या उत्तम कारागिरांकडून जे काटे घडवून घेतले, त्यांच्या तोडीचे काटे त्या काळी युरोपात फारच थोड्यांजवळ होते. १७८९ च्या आपल्या ग्रंथात द्राक्षरस आंबण्याची क्रिया वर्णिताना त्याने एका बाजूस द्राक्षरस, दुसऱ्या बाजूस कार्बॉनिक आम्ल आणि मद्यार्क, आणि मध्ये बरोबरीचे चिन्ह अशी मांडणी केली. शाळेतील मुले आज जे रासायनिक समीकरण लिहितात, त्याचा एक मूळ पुरुष तो हाच. ज्या इजाऱ्याच्या उत्पन्नातून ही प्रयोगशाळा चालली, त्याच इजाऱ्यातील भागीदार म्हणून ८ मे १७९४ रोजी लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला.

परंतु वजनांचा मेळ बसणे निराळे आणि कणांच्या संख्येचा मेळ बसणे निराळे. ही दुसरी जबाबदारी रसायनशास्त्रावर येऊन पडली ती मँचेस्टरच्या जॉन डाल्टनमुळे. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू एकाच वजनाचे असतात आणि ठरावीक संख्येने एकत्र येऊन संयुग घडवितात, असे त्याने १८०८ मध्ये छापून प्रसिद्ध केले. येथवर सारे यथास्थित होते. पण पाण्यात हायड्रोजनचे अणू किती आणि ऑक्सिजनचे किती, हे डोळ्यांना दिसत नसल्यामुळे त्याने एक सोईचा नियम पत्करला, तो असा की दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग ठाऊक असेल तर ते एकास एक या प्रमाणात बनले आहे असे समजावे. त्या नियमाने पाण्याचे सूत्र एचओ ठरले. आणि वजनाने पाण्यात हायड्रोजनच्या सुमारे आठपट ऑक्सिजन असल्यामुळे, मापनाच्या चुका दुरुस्त होत गेल्या तसतसा ऑक्सिजनचा भार ८ या अंकावर येऊन ठेपला. एका निराधार गृहीताने एक सूत्र दिले, त्या सूत्राने एक अणुभार दिला, आणि त्या अणुभारावर पुढे इतर द्रव्यांची सूत्रे उभी राहिली.

त्याच सुमारास गे-ल्यूसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञाने असे दाखविले होते की हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक घनभाग संयोग पावले म्हणजे वाफेचे दोन घनभाग मिळतात. यातील अर्थ तूरीनच्या आमेदेओ आव्होगाद्रोने १८११ मध्ये उलगडला. समान तपमान आणि समान दाब असता कोणत्याही वायूच्या समान घनफळात रेणूंची संख्या समानच असते, आणि हायड्रोजन, ऑक्सिजन यांसारख्या मूलद्रव्यांचा रेणूदेखील दुभंगू शकतो, ही त्याची दोन विधाने होत. ऑक्सिजनच्या एका रेणूपासून पाण्याचे दोन रेणू व्हावयाचे तर त्या एका रेणूची दोन शकले झालीच पाहिजेत, हे आज आपल्याला सहज पटते. त्या काळी मात्र एकाच जातीचे अणू एकमेकांना चिकटतील ही कल्पनाच विद्वानांना असह्य वाटे, कारण बर्झेलियस या स्वीडिश रसायनज्ञाच्या बलवत्तर मताप्रमाणे संयोग हा विरुद्ध विद्युत्प्रभारांच्या आकर्षणाचा परिणाम होता. कायद्याचा पदवीधर असलेला शांत स्वभावाचा आव्होगाद्रो १८५६ मध्ये निवर्तला, तेव्हा त्याचे हे विधान जवळजवळ विस्मृतीत गेलेले होते.

मधल्या काळात जो गोंधळ माजला त्याची कल्पना आज येणे कठीण आहे. कोणी कार्बनचा भार ६ धरी तर कोणी १२. ऑक्सिजन कोणाच्या दप्तरी ८ तर कोणाच्या १६. आणि दोन देशांतले दोन रसायनज्ञ एकाच द्रव्याविषयी लिहीत आहेत हे सूत्रांवरून ओळखू येईनासे झाले. केकुले या जर्मन शास्त्रज्ञाने १८६१ च्या आपल्या पाठ्यग्रंथात ॲसेटिक आम्लाची, म्हणजे घरोघरच्या शिरक्यातील आम्लाची, प्रचारात असलेली एकोणीस सूत्रे ओळीने छापली आहेत. अशा स्थितीत समीकरण संतुलित करणे म्हणजे प्रत्येकाने आपल्या घरच्या मापाने मोजणे होते.

यावर काही तोड काढावी म्हणून केकुले, व्हुर्ट्झ आणि व्हेल्ट्झिन या तिघांनी पुढाकार घेऊन जर्मनीतील बाडेन संस्थानची राजधानी कार्ल्सरूह येथे ३ ते ५ सप्टेंबर १८६० या दिवसांत एक परिषद बोलाविली. रसायनशास्त्राची ही पहिलीच आंतरराष्ट्रीय परिषद. तिला सुमारे १४० शास्त्रज्ञ जमले. अणू कशास म्हणावे, रेणू कशास म्हणावे, यावर तीन दिवस खल झाला. पण शास्त्रीय सत्याचा निर्णय बहुमताने करावयाचा नसतो, हे बहुतेकांच्या ध्यानी आल्यामुळे अणुभारांविषयी बंधनकारक असा ठराव काही झाला नाही. निघण्याच्या वेळी मात्र स्तानिस्लाओ कान्निझ्झारो या इटालियन अध्यापकाने दोन वर्षांपूर्वी छापलेले एक पुस्तक त्याचा मित्र आंजेलो पावेसी याने सभासदांस वाटले.

हा कान्निझ्झारो मूळचा सिसिलीचा. १८४८ च्या उठावात तो तोफखान्याचा अधिकारी होता. उठाव मोडल्यावर त्याने परदेशी आश्रय घेतला, आणि पुढे जेनोआ येथे विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र शिकवू लागला. वाटले गेलेले पुस्तक म्हणजे त्याच्या वर्गातील व्याख्यानक्रमाचा सारांश होय. विद्यार्थ्याच्या मनात संशय उरू नये, या कळकळीने त्याने तो रचिला होता, आणि त्याची युक्ती इतकी स्वच्छ आहे की ती येथे सांगण्याचा मोह आवरत नाही.

हायड्रोजनचा रेणुभार २ मानावा, आणि आव्होगाद्रोच्या विधानाच्या आधारे वायूंच्या घनता ताडून इतरांचे रेणुभार काढावे. मग हायड्रोक्लोरिक आम्ल ३६.५ भरते, आणि पृथक्करण केले असता त्यात हायड्रोजन १ निघतो. पाणी १८ भरते, त्यात हायड्रोजन २. अमोनिया १७, त्यात ३. मिथेन १६, त्यात ४. एकच्या खाली हायड्रोजन कोठेच सापडत नाही, आणि अधिक सापडतो तो एकच्या पटीतच. तेव्हा एक हाच हायड्रोजनचा अणू. आता ऑक्सिजन घ्या: पाण्याच्या १८ मध्ये १६, कार्बन मोनॉक्साइडच्या २८ मध्ये १६, कार्बन डायऑक्साइडच्या ४४ मध्ये ३२, आणि खुद्द ऑक्सिजन वायूच्या रेणूत ३२. म्हणजे ऑक्सिजनचा अणू १६ चा. ८ चा नव्हे. पाण्याचे सूत्र एच-टू-ओ हे कोणाच्या मर्जीने ठरलेले नाही, ते असे तराजूतून आणि भागाकारातून बाहेर आले आहे.

परिषदेस आलेल्या लोथर मायर या जर्मन रसायनज्ञाने कान्निझ्झारोचे ते पुस्तक परतीच्या वाटेवर वाचले, घरी पुन्हा वाचले, आणि आपले सारे संशय फिटले असे पुढे स्वतः लिहून ठेवले. परिषदेस हजर असलेल्या मेंडेलेव्हने नव्या अणुभारांच्या आधारेच १८६९ मध्ये आपले आवर्त कोष्टक मांडले. आणि समीकरणांच्या डाव्या-उजव्या बाजूंना लिहावयाच्या अंकांना सर्व देशांत एकच अर्थ प्राप्त झाला: हायड्रोजनचे दोन रेणू अधिक ऑक्सिजनचा एक रेणू बरोबर पाण्याचे दोन रेणू, वजनाने ४ भाग आणि ३२ भाग मिळून ३६ भाग.

मोल हे माप याच हिशेबातून निघाले. रेणुभाराइतके ग्रॅम घेतले की प्रत्येक द्रव्यात रेणूंची संख्या सारखीच येते, म्हणून त्या राशीला विल्हेल्म ओस्टवाल्डने १८९० नंतरच्या दशकात हे नाव दिले. त्या संख्येस आव्होगाद्रोचे नाव १९०९ मध्ये जाँ पेरँने लावले. १९७१ मध्ये मोल हे आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीचे सातवे मूलभूत एकक झाले, आणि २० मे २०१९ पासून ती संख्या, १० च्या तेविसाव्या घाताने गुणलेले ६.०२२१४०७६, कायमची मुक्रर झाली आहे.

आपल्याकडे हा प्रचंड आकडाच प्रथम फळ्यावर लिहितात, आणि तो पाहून मुलांची छाती दडपते. माझी शिक्षकांना विनंती एवढीच आहे की त्याआधी एक तास राखून ठेवावा, हायड्रोक्लोरिक आम्ल, पाणी, अमोनिया आणि मिथेन यांचे रेणुभार आणि त्यांतील हायड्रोजन अशा चार ओळी फळ्यावर मांडाव्या, आणि हायड्रोजनचा अणुभार मुलांनाच काढू द्यावा.