महाबळेश्वरचा पावसाळा

महाबळेश्वरचा इतिहास बहुधा उन्हाळ्याचा इतिहास म्हणूनच सांगितला जातो. १८२८ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्या संमतीने तेथे वसाहतीस आरंभ केला. पुढे मुंबई सरकारचा उन्हाळी मुक्काम तेथे पडू लागला. परंतु जूनमध्ये पश्चिमेकडून ढग चढू लागले की गव्हर्नरसाहेबांचा लवाजमा खाली उतरे, बंगल्यांच्या भिंतींना गवताच्या तट्ट्या बांधल्या जात आणि डोंगर चार महिने तेथील गावकऱ्यांच्या स्वाधीन होई. इतिहासाची वहीही जणू त्याच वेळी मिटली जाई.

वास्तविक या गिरिप्रदेशाचे खरे चरित्र त्या चार महिन्यांतच घडते. अरबी समुद्रावरील बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडतात, वर चढताना थंड होतात आणि आपला भार तेथेच रिता करतात. सुमारे १३५० मीटर उंचीच्या या पठारावर वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. त्यातील दोन हजारांहून अधिक एकट्या जुलैत. पूर्वेस वीस किलोमीटरांवरील पाचगणीत तो तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि पसरणीचा घाट उतरून वाईस पोहोचावे, तो जेमतेम आठव्या हिश्श्यावर. १६५९ साली अफझलखानाच्या फौजेला ज्याने कोंडीत धरले, ते जावळीचे निबिड अरण्य याच पावसाने पोसलेले होते.

मग एवढे पाणी जाते कोठे? सावित्री पश्चिमेस उतरून समुद्राला मिळते. कृष्णा मात्र पूर्वेची वाट धरते. माहुलीस वेण्णा आणि कऱ्हाडास कोयना तिला येऊन मिळतात. बेळगाव जिल्ह्यातील अथणीसारखे कमी पावसाचे तालुके तिच्या आधारावर ऊस पिकवितात आणि २००४ पासून हैदराबादच्या नळांनाही तिचे पाणी येते. ज्या ऋतूत साहेबलोक डोंगरावर राहावयास तयार नसत, त्याच ऋतूची शिल्लक आपण वर्षभर पीत असतो.

ही शिल्लक सांभाळते ते डोंगरावरचे रान. ते उघडे पडले, तर पाऊस तितकाच पडेल, पण मातीसह वाहून जाईल आणि चैत्रात झरे आटतील. म्हणूनच २००१ साली केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणीचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. आम्ही शिक्षक वर्गात तेथील पॉइंटांची नावे मुलांकडून पाठ करवून घेतो. त्यांच्या जोडीला मुलांना एवढेही सांगावे, की आपल्या घागरीतील पाण्याचा उगम त्या डोंगरावरील एखाद्या आषाढात आहे.