मातीला हात कोणाचा? क्योतोचा मळा, मुदपाकखाना आणि उद्यान

क्योतोला जाणाऱ्या परदेशी पाहुण्याला हल्ली एका दिवसाचा एक कार्यक्रम हमखास सुचवला जातो. सकाळी शहराबाहेर ओहारासारख्या खोऱ्यात एखाद्या शेतकऱ्याच्या मळ्यावर जायचे आणि आपल्या हाताने मुळा उपटायचा किंवा वांगी तोडायची. दुपारी त्याच भाजीचा स्वयंपाक शिकायचा. उन्हे कलू लागली की एखाद्या मंदिराच्या ओसरीवर बसून समोरचे उद्यान न्याहाळायचे. मळा, चूल आणि बाग हा क्रम इतका सहज वाटतो की जपानी संस्कृतीनेच तो पूर्वापार लावून ठेवला असावा, असा समज होतो.

या सहलीला आमचा आक्षेप नाही. मात्र साहित्याचा अभ्यास करणाऱ्याला एवढ्या निर्वेध सलगतेविषयी थोडा संशय यावा. मळ्यातला हात, मुदपाकखान्यातला हात आणि उद्यानातला हात हे इतिहासात एकाच माणसाचे नव्हते. त्यांतल्या एका हाताविषयी ग्रंथ लिहिले गेले, दुसऱ्याचे नाव अर्जविनंत्यांत उरले आणि तिसऱ्याचे बहुधा एका दगडाच्या पाठीवर. प्रस्तुत लेखात आम्ही या तिन्ही हातांचा माग काढू इच्छितो.

आरंभ भारतातूनच करावा लागतो. बौद्ध विनयात भिक्षूला जमीन खणणे निषिद्ध आहे, दुसऱ्याकडून खणवून घेणेही निषिद्ध आहे. झाडे-रोपे तोडण्यालाही मनाई आहे. भिक्षूने भिक्षेवर जगावे, ही मूळ व्यवस्था. तरीही विहारात राहणाऱ्यांना रोजचे अन्न कोठून तरी यावेच लागते. त्याचे उत्तर आपल्याकडे नाशिकच्या लेण्यांत कोरलेले आहे. नहपानाचा जावई उषवदात याने एका ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांना शेत विकत घेतले आणि आपल्या लेण्यात राहणाऱ्या सर्व भिक्षूंचे अन्न त्या शेतातून यावे, अशी योजना केली. लेखात विकणाऱ्याचे नाव आहे, किंमत आहे, दात्याची कीर्ती तर आहेच. ते शेत कसणाऱ्याचे नाव मात्र नाही. ज्याने माती खणायची त्याने दानलेखाबाहेर राहायचे, ही रीत तेव्हापासूनची आहे.

हा धर्म चीनमध्ये गेला तेव्हा भिक्षा मागून जगणाऱ्याकडे तिथला समाज आदराने पाहीना. ध्यानाचे चिनी भाषेत ‘छान’ झाले आणि पुढे जपानीत ‘झेन’. त्याच परंपरेत श्रमाला साधनेचे स्थान मिळाले. इ. स. ८१४ मध्ये निवर्तलेल्या पाइचांग या आचार्यांची एक कथा सांगतात. वृद्धापकाळी त्यांना कष्ट नकोत म्हणून शिष्यांनी त्यांची अवजारे लपवून ठेवली, तेव्हा त्यांनी त्या दिवशी अन्नच घेतले नाही. कथा शब्दशः खरी असो वा नसो, तिने विनयाचा दंडक उलटा केला हे खरे. जिथे माती खणणे हा दोष होता, तिथे न खणता जेवणे हा दोष ठरला.

या वळणावर दोगेन आपल्याला भेटतो. १२२३ साली तेवीस-चोवीस वर्षांचा हा जपानी भिक्षू चीनच्या मिंगझोउ बंदरात नांगरलेल्या जहाजावर होता. तिथे एक वृद्ध भिक्षू खरेदीसाठी आला. जपानी जहाजावरची वाळवलेली अळंबी त्याला हवी होती (मूळ शब्दाचा अर्थ काही अभ्यासक तुतीची फळे असा लावतात). वय एकसष्ट, पदाने तेन्झो, म्हणजे मठाचा मुख्य आचारी. चौतीस-पस्तीस ली अंतर चालून तो आला होता आणि दुसऱ्या दिवशी मठात शेवयांचे सार करायचे असल्याने रात्रीच परतणार होता. त्याच्या मठाचे नाव होते आ-यू-वांग, म्हणजे अशोक राजा. सम्राट अशोकाच्या नावाच्या डोंगरावरून आलेल्या एका आचाऱ्याने जपानच्या एका थोर विचारवंताला पहिला धडा दिला, ही गोष्ट मराठी वाचकाला सुखावणारी आहे.

दोगेनने त्याला मुक्कामाचा आग्रह केला. या वयात ध्यान आणि ग्रंथाभ्यास सोडून स्वयंपाकाची दगदग कशासाठी, असेही विचारले. वृद्ध हसला. या परदेशी तरुणाला साधना म्हणजे काय आणि अक्षर म्हणजे काय, हे अजून उमगलेले नाही, एवढेच बोलून तो निघून गेला. पुढे थिएनतुंग मठात दोगेनने असाच आणखी एक आचारी पाहिला. अडुसष्ट वर्षांचा, पाठीला बाक आलेला, भर उन्हात डोक्यावर काही न घेता तापलेल्या फरशीवर अळंबी वाळत घालणारा. हे काम मदतनिसाला का सांगत नाही, असे विचारल्यावर त्याच्या उत्तराचा आशय असा होता की, दुसरा म्हणजे मी नव्हे. मग ऊन उतरल्यावर करा, म्हटल्यावर त्याने विचारले की, आत्ता नाही तर कोणत्या वेळेची वाट पाहायची?

या दोन भेटींतून १२३७ साली ‘तेन्झो क्योकुन’ हा ग्रंथ सिद्ध झाला. त्या वेळी दोगेन क्योतोच्या दक्षिणेला फुकाकुसा येथे मठ चालवीत होता. नावाप्रमाणे हा आचाऱ्यासाठी केलेला उपदेश आहे. तांदूळ निवडताना खडे पाहावेत आणि काढलेल्या खड्यांत तांदळाचा दाणा गेला नाही ना, तेही पाहावे. धुतलेल्या तांदळाचे पाणी निष्काळजीपणे टाकू नये. साधी पालेभाजी हाती आली म्हणून मन खट्टू करू नये आणि उंची जिन्नस आला म्हणून हुरळून जाऊ नये. आचाऱ्याच्या ठायी तीन प्रकारचे मन असावे: आनंदी, आईबापांसारखे ममताळू आणि पर्वत-समुद्रासारखे विशाल. एखाद्या आजीने सुनेला सांगावे तसा हा सगळा तपशील आहे, आणि दोगेनच्या लेखी त्यात व ध्यानात प्रतवारी नाही.

शब्दांचा प्रवासही लक्षात घेण्याजोगा आहे. या शाकाहारी मठान्नाला जपानीत ‘शोजिन र्योरी’ म्हणतात. ‘शोजिन’ हा बौद्ध परिभाषेतील संस्कृत ‘वीर्य’ या शब्दाचा अनुवाद, अर्थात अथक उद्यम. म्हणजे हे ‘वीर्या’चे, प्रयत्नाचे अन्न. दोगेन सहा रसांचा उल्लेख करतो, पण ते आपले षड्रस नव्हेत. कडू, आंबट, गोड, तिखट आणि खारट हे पाच जुळतात. सहाव्या जागी आपल्याकडे कषाय म्हणजे तुरट येतो, तिथे ‘तान’ म्हणजे सौम्य, जवळजवळ बेचव. चवीचा अभाव हीसुद्धा एक चव मानणे, यात या पाकपरंपरेचे मर्म आहे. कोंबू हे समुद्रशेवाळ आणि वाळवलेली अळंबी यांचे सार, तोफू, दुधावरच्या सायीसारखी सोयाबीनच्या दुधावर धरणारी युबा, तीळ वाटून केलेले गोमादोफू, हे सगळे त्या सहाव्या रसाचे आविष्कार.

कांदा-लसूण यांच्या जातीच्या पाच उग्र वनस्पती शोजिन अन्नात वर्ज्य आहेत. चातुर्मास पाळणाऱ्या घरात वाढलेल्यांना याचे नवल वाटणार नाही. गंमत अशी की मंदिरांच्या या नगरीची नामांकित भाजी आहे कुजो नेगी, म्हणजे कांद्याचीच हिरवी पात. याचा अर्थ एवढाच की, मठाच्या ताटावरून गावाच्या ताटाची कल्पना करू नये.

आणि हे गाव जगत होते कशावर? दोगेनच्या ग्रंथात भाजी भांडारातून मुदपाकखान्यात येते. ती पिकवणारा क्वचितच दिसतो. मध्ययुगीन जपानमध्ये मोठी मंदिरे जहागिरींच्या उत्पन्नावर चालत. म्हणजे पाइचांगचा श्रमाचा आदर्श मठाच्या आवारात होता आणि आवाराबाहेर उषवदाताचीच व्यवस्था चालू होती. तरी एक मोठा फरक आहे. क्योतोच्या तो-जी या मंदिराने आपली दप्तरे जपून ठेवली. त्यांतली सुमारे पंचवीस हजार कागदपत्रे आज उपलब्ध आहेत आणि २०१५ साली युनेस्कोने त्यांना जागतिक स्मृतिठेव्यात स्थान दिले. त्यांत दूरच्या जहागिरींतल्या कुळांचे अर्ज आहेत. पाऊस झाला नाही, पुराने शेत वाहून गेले, या वर्षी सारा कमी करावा. नाशिकच्या लेखात न उमटलेला आवाज इथे ऐकू येतो. त्याचा सूर काव्यात्म नाही. तो सवलत मागणारा आहे.

शहराभोवतीच्या गावांशी क्योतोचे नाते याहून दैनंदिन होते. ओहाराच्या स्त्रिया, ‘ओहारामे’, डोक्यावर सरपणाच्या मोळ्या घेऊन क्योतोत विकायला येत. चित्रकारांना त्या फार आवडत. मोळीचे वजन चित्रात उतरत नाही. एदो काळात शहराची विष्ठा शेतकरी विकत घेत किंवा तिच्या बदल्यात भाजी देत. ओसाकात तर मैल्याच्या हक्कावरून १७२४ साली गावागावांत तंटे झाले. आज ‘क्यो-यासाई’ या प्रतिष्ठित नावाने मिळणारी गोल कामो वांगी आणि शोगोइनचा गरगरीत मुळा या जुन्या देवघेवीच्या मातीत वाढले. सकाळच्या सहलीत ही बाजू पाहुण्याला सांगितली जात नसावी.

आता तिसरा प्रहर, उद्यानाचा. इथे नाव घेतले जाते ते मुसो सोसेकी (१२७५–१३५१) या आचार्यांचे. १३३९ साली त्यांनी साइहो-जी या मंदिराचा जीर्णोद्धार केला. सव्वाशेच्या आसपास प्रकारच्या शेवाळाने मढलेली ही बाग आज ‘शेवाळमंदिर’ म्हणून ओळखली जाते. ते शेवाळ सोसेकींनी लावलेले नाही. पुढच्या शतकांत बागेची आबाळ झाली आणि ओलाव्याने आपले काम केले. सोसेकींनी आपल्या प्रश्नोत्तररूप ग्रंथात म्हटले आहे, त्याचा भावार्थ असा की, डोंगर-पाण्यात लाभही नसतो आणि हानीही नसते, ती असते पाहणाऱ्याच्या मनात.

प्रश्न असा पडतो की, पाहणाऱ्याच्या मनाचा एवढा विचार झाला, मग दगड उचलणाऱ्याचे काय? पंधराव्या शतकातल्या क्योतोत बागांची अवजड कामे करणारे लोक ‘कावारामोनो’ होते, म्हणजे नदीकाठच्या पुळणीवर राहणारे. गुरे कापणे, कातडी कमावणे, विहिरी खणणे ही त्यांची कामे. मेलेल्या जनावराला आणि मातीला हात लावणारे म्हणून ते अपवित्र मानले जात. त्यांच्यातले बागकामात निष्णात झालेले ते ‘सेन्सुइ कावारामोनो’. त्यांतला झेनआमी हा शोगुन आशिकागा योशिमासाचा इतका आवडता होता की, तो आजारी पडल्यावर शोगुनने त्याला औषध पाठवले. त्याचा मुलगा कोशिरो आणि नातू माताशिरो यांनीही तेच काम केले.

या माताशिरोचे मनोगत एका मंदिराच्या रोजनिशीत १४८९ सालच्या नोंदीत आले आहे. खाटकाच्या घरी जन्म झाल्याचे आपल्याला मनापासून दुःख आहे. म्हणून आपण कोणाचाही जीव घेणार नाही आणि धनाचा लोभ धरणार नाही, अशी प्रतिज्ञा केली आहे, असा त्याचा आशय. चोखामेळ्याचे अभंग शिकवणाऱ्या आमच्या शिक्षकमित्रांना या नोंदीपाशी थबकावे लागेल. चोखोबाही १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामात भिंतीखाली गेले. दोन्हीकडे पवित्र स्थळ उभे करणाऱ्या हातांना पावित्र्य नाकारले गेले आणि जन्माचे शल्य त्यांनी स्वतःच्या शब्दांत बोलून दाखवले. भेद इतकाच की, चोखोबांनी देवाला जाब विचारला आणि त्यांची वाणी लोकांनी मुखी धरली, तर माताशिरोची वाक्ये एका भिक्षूने टिपून ठेवली म्हणून उरली.

रिओआन-जीचे दगडांचे उद्यान जगप्रसिद्ध आहे. पांढऱ्या खडीच्या पटावर पंधरा दगड, आणि ओसरीवर कोठेही बसले तरी एखादा दगड दृष्टीआड राहतो, असे सांगतात. मंदिर १४५० साली स्थापन झाले, ओनिनच्या युद्धात (१४६७–७७) जळाले आणि पुन्हा बांधले गेले. उद्यान कोणी रचले यावर विद्वानांचे एकमत नाही. त्याच्या अर्थावर मात्र भरपूर लिहिले गेले: समुद्रातली बेटे, पिलांसह नदी ओलांडणारी वाघीण, शून्यता. ‘झेन गार्डन’ हा शब्दप्रयोगसुद्धा विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात इंग्रजी पुस्तकांतून पसरला. या साऱ्या भाष्यात एका दगडाच्या मागच्या बाजूला कोरलेली दोन नावे आहेत. एक कोतारो, दुसरे झिजलेले, बहुधा सेइजिरो. ते कावारामोनो असावेत, असे अभ्यासक मानतात. ती नावे ओसरीकडून दिसत नाहीत.

या समूहांना १८७१ च्या फर्मानाने कायद्यापुरती समानता मिळाली. ती व्यवहारात उतरेना, म्हणून ३ मार्च १९२२ रोजी त्यांच्या वारसांनी ‘सुइहेइशा’ ही संघटना स्थापन केली. ती सभा भरली होती क्योतोतच. उद्यानांच्या नगरीला आपल्या माळ्यांचा आवाज ऐकायला साडेचारशे वर्षे लागली, असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही.

यावरून दोगेनचा उपदेश ढोंगी होता किंवा उद्यानांचे सौंदर्य खोटे होते, असा निष्कर्ष आम्ही काढत नाही. उलट, त्या उपदेशाची कसोटी त्यालाच लावावी, असे आम्हाला वाटते. वृद्ध आचाऱ्याने तरुण दोगेनला विचारायला शिकवले होते की, अक्षर म्हणजे काय. त्याचा ग्रंथ हे अक्षर आहे. दुष्काळात सारा माफ करा म्हणणारा अर्ज हेही अक्षर आहे आणि दगडामागचे अर्धवट झिजलेले नावही. साहित्याचे विद्यार्थी म्हणून आपण पहिले वाचतो, दुसरे इतिहासकारांवर सोपवतो आणि तिसऱ्याच्या मागे जायला आपल्याला सवड होत नाही. खड्यांत तांदळाचा दाणा गेला नाही ना, हे पाहायला दोगेनने आचाऱ्याला सांगितले होते. तीच सावधगिरी वाचकानेही बाळगायला हवी.