ग्राम बाल शिक्षा केंद्राचे उपक्रम आणि ‘अंगणवाडी’ची वाटचाल

प्रस्तावना

मावळातील कुरवंड्यासारख्या घाटमाथ्यावरील गावापासून डहाणूच्या पाड्यांपर्यंत ‘अंगणवाडी’ हा शब्द आज सर्वपरिचित आहे. बहुतेकांना तो शासकीय योजनेचा शब्द वाटतो. वस्तुतः त्यामागील कल्पना एका ग्रामीण केंद्राच्या अनुभवातून, किंबहुना त्याच्या पहिल्या अपयशातून आकारास आली. मूल शाळेत येत नाही, याचा दोष पालकांच्या अनास्थेवर ठेवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. या केंद्राने तो दोष शाळेच्या रचनेत शोधला, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

बोर्डी येथील प्रारंभ

ताराबाई मोडक (1892-1973) यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे बालशिक्षणाचे कार्य केले. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. माँटेसरी पद्धती त्या काळी शहरी, सुस्थित कुटुंबांपुरती मर्यादित होती. ती खेड्यात नेण्याच्या हेतूने 1945 मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. मूळच्या पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या अनुताई वाघ (1910-1992) याच वेळी ताराबाईंच्या सहकारी झाल्या. त्याच वर्षी या परिसरात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा पेटला होता, ही पार्श्वभूमी महत्त्वाची आहे. ज्या समाजाचे श्रमच त्याच्या मालकीचे नव्हते, त्याच्या मुलांपर्यंत शिक्षण न्यायचे होते.

गावात बालवाडी उघडली, तरी दलित वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकत नव्हती. तेव्हा शिक्षिकाच वस्तीत जाऊ लागल्या. तेथील अंगण झाडून, मुलांना स्वच्छ करून, गाणी-गोष्टींतून शिक्षण सुरू झाले. हीच अंगणवाडी होय. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे उपयोगात आणले गेले.

कोसबाड येथील विस्तार

1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र कोसबाडच्या टेकडीवर आले आणि आदिवासी मुले कार्याच्या केंद्रस्थानी आली. येथील अडचण निराळी होती. मोठी मुले गुरे राखण्यास जात, तर मुली धाकट्या भावंडांना सांभाळीत. गुराख्यांसाठी चराईच्या कुरणातच ‘कुरणशाळा’ भरू लागली. भावंडांसाठी पाळणाघर, त्याला जोडून बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी ‘विकासवाडी’ची रचना झाली. ताईने तान्ह्याला पाळणाघरात सोपवावे आणि स्वतः वर्गात बसावे, असा त्यामागील साधा विचार होता. सारांश, प्रत्येक उपक्रम हा उपस्थितीतील एकेका विशिष्ट अडथळ्याला दिलेले उत्तर होता.

शासकीय स्वीकार

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या गावपातळीवरील केंद्राला ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण या सहा सेवा तीत अंतर्भूत होत्या. कुपोषणाचे स्वरूप पाहता आहार व आरोग्याला मिळालेले स्थान समर्थनीयच होते. तथापि मूळ प्रयोगात गाभ्याशी असलेले शिक्षण येथे सहांपैकी एक ठरले. शिवाय स्थानिक अडचण पाहून उपक्रमाचे रूप बदलण्याची शिक्षिकेची मुभा, एकसारख्या नियमावलीत सामावणे कठीण होते.

निष्कर्ष

ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना पद्मश्री हे सन्मान लाभले. त्यांच्या कार्याचे नाव देशभर पोहोचले. त्यामागील पद्धती मात्र त्या प्रमाणात पोहोचली नाही. अनुपस्थित मुलाविषयी ‘ते का येत नाही’ असे विचारून न थांबता ‘ते या वेळी कोठे आहे’ असे विचारणे आणि मग तेथे जाणे, हे या केंद्राच्या इतिहासाचे सार होय. हा प्रश्न बालवाडीपुरता नाही. हजेरीपटावरील रिकाम्या रकान्यांकडे पाहताना महाविद्यालयीन अध्यापकांनीही तो स्वतःस विचारावयास हवा.