आकाशांतून मोजलेलें रान

पूर्वीं रानाचा हिशेब वनरक्षकाच्या पायांनीं होत असे. सीमेचे दगड पहावे, सांखळी ओढावी आणि नकाशावर रेघ काढून आंत 'वन' असें लिहावें. त्या रेघेच्या आंत झाडें उरलीं कीं नाहींत, तें नकाशा सांगत नसे.

२३ जुलै १९७२ रोजीं अमेरिकेनें पहिला लँडसॅट उपग्रह सोडला. हिरवें पान तांबडा प्रकाश शोषून घेतें, पण डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवितें. म्हणून त्या चित्रांत दाट रान लालभडक उमटतें. दोन सालांचीं चित्रें शेजारीं ठेवलीं कीं लाली कोठें विटली तें दिसतें. मात्र एक ठिपका म्हणजे सुमारें ८० मीटर लांबरुंद जमीन. दहावीस तोडलेलीं झाडें त्यांत सहज हरपत.

हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेनें १९८४ सालीं सबंध देशाची अशी तुलना मांडली, आणि कागदांची झोंप उडाली. दप्तरांत देशाची सुमारें २३ टक्के भूमि 'वन' होती. चित्रांत १९७२-७५ मध्यें सुमारें १७ टक्के आणि १९८०-८२ मध्यें अवघें १४ टक्के रान दिसलें. म्हणजे थोडक्या वर्षांत ९० लाख हेक्टरांहून अधिक नाहींसें झालें! पुढें डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेनें १९८७ च्या अहवालांत जवळपास त्याच काळच्या चित्रांवरून साडेएकोणीस टक्के काढले. अखेर दोन्ही संस्थांचा समेट साडेएकोणिसाजवळच झाला. चौदाचा आंकडा टिकला नाहीं. तरी त्यानें वाजविलेल्या गजराचा उपकार, माझ्या मतें, विसरूं नये.

'वन' म्हणावें कशास, हा प्रश्न मात्र राहिलाच. १ हेक्टरावर १० टक्के छाया असली कीं तें वन. मग आमराई असो वा निलगिरीची लागवड.

राखीव रानांत ही अडचण अधिक बोंचते. मेळघाटासह नऊ रानांपासून १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्प आरंभला. २०२१ च्या अहवालांत दहा वर्षांतील सर्व व्याघ्रक्षेत्रांची घट जेमतेम २२ चौरस किलोमीटर दिसते. पण त्या बेरजेंत बंगालच्या बक्सांतील २३८ ची वाढ आणि तेलंगणांतील कवलची ११८ ची घट एकमेकींस झांकून टाकतात.

आणि सरिस्का? राजस्थानांतील त्या रानांत झाडें उभींच होतीं. २००५ सालीं जमिनीवर शोध घेतला, तेव्हां वाघ एकहि उरला नव्हता. २००८ सालीं रणथंभोरचे वाघ हेलिकॉप्टरनें आणून तेथें सोडावे लागले.